मागच्या बाजूची झीज

१

मंगळवार, गुरुवार, शनिवार. या तीन दिवशी सकाळी सव्वासहाला बाई गॅरेजचं शटर वर ढकलत, धाकट्या बहिणीला धरून धरून आणत, मागच्या सीटवर डावीकडे बसवत, पाठीशी उशी देत, पायांवर शाल टाकत आणि मग पुढे येऊन किल्ली लावत. सातला धाकटीला डायलिसिसच्या खुर्चीत असावं लागे. चार तास. खुर्च्या सहा आणि माणसं ढीगभर, त्यामुळे तिथे कोणाचे लाड नव्हते. अर्धा तास उशीर झाला की खुर्ची पुढच्याची.

दीड वर्षात एकदाही उशीर झाला नव्हता. होणार कसा? तीस वर्षं बाईंनी लोकांना गाडी शिकवलेली. डॉक्टर, वकील, घरी न सांगता शिकायला येणाऱ्या सुना, साठीनंतर हौस सुटलेले आजोबा, सगळे त्यांच्या दरडावण्याखाली सुतासारखे सरळ झाले होते. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘क्लचबाई’ म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतः मात्र त्या कोणाकडेच शिकल्या नव्हत्या. वडिलांची बंद पडलेली गाडी, एक फाटकं पुस्तक आणि रिकामं मैदान, एवढ्यावर शिकल्या. गाडी दुरुस्त करताना रेडिएटरची वाफ लागून डाव्या मनगटावर भाजल्याचा पांढरा पट्टा उमटला, तो त्या पदकासारखा मिरवत. “माझ्या शेजारी बसून मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय,” असं त्या कोणालाही ऐकवत.

पुढे शाळा बंद केली, टपावरची पाटी उतरवली, पण गाडी ठेवली. डाव्या सीटसमोरचे शिकवणाऱ्याचे जादा क्लच-ब्रेक तसेच होते. वरचा शिकवणाऱ्याचा छोटा आरसाही तसाच होता.

त्या मंगळवारी किल्ली आत गेली, पण फिरली नाही.

बाई घाबरल्या नाहीत. हा धडा त्यांनी हजारदा दिलेला. किल्ली फिरत नाही म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा स्टिअरिंग लॉक झालेलं असतं. गाडी उभी करताना चाक वळलेलं राहिलं, टायर कशाला तरी टेकला, की त्याचा ताण वर येतो आणि आतली कडी घट्ट अडकून बसते. अशा वेळी किल्लीवर जोर करायचा नाही. एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची. ताण सुटला की कडी आपोआप सुटते.

त्यांनी हलवलं. चौथ्या-पाचव्या खेपेला खट्कन सुटलं.

“काय झालं गं ताई?” मागून धाकटीने विचारलं.

“काही नाही. म्हातारी झालीये गाडी. उठताना तिचेही सांधे धरतात.”

“म्हणजे घरात आपण तिघी झालो,” धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

गाडी बाहेर काढताना मात्र बाईंच्या लक्षात आलं, की चाकं डावीकडे पुरती वळलेली होती. बाई गाडी लावताना चाकं सरळ करून ठेवत. तीस वर्षांत एकदाही विसरल्या नव्हत्या. जो विद्यार्थी विसरे, त्याला त्या खाली उतरवून टायरकडे पाच मिनिटं बघत उभं करत.

‘काल फोन आला होता. त्या नादात राहिलं असेल,’ त्यांनी स्वतःला सांगितलं.

काल कोणाचाही फोन आला नव्हता.

२

बुधवारी त्या मुद्दाम भाजीला गाडी घेऊन गेल्या. किल्ली बोटाच्या स्पर्शाने फिरली. येऊन चाकं सरळ केली, खाली उतरून दोन्ही टायर डोळ्यांनी बघितले, शटरला कुलूप लावलं आणि कुलपाची किल्ली उशाखाली घेऊन झोपल्या. असं करताना आपल्याला आपलंच हसू आलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. हसू काही आलं नाही.

गुरुवारी सकाळी चाकं डावीकडे वळलेली होती.

किल्ली फिरेना. बाईंनी एकेक गोष्ट तपासली. गिअर न्यूट्रलला. हँडब्रेक ओढलेला. किल्ली वाकलेली नाही. पदराने पुसून, फुंकर मारून पुन्हा लावली. मग आत जाऊन कपाटातली दुसरी किल्ली आणली. कधीच न वापरलेली, दात अजून धारदार. तीही आत गेली आणि तशीच ठाम बसली.

मग स्टिअरिंग. बाईंनी ते हलवलं आणि त्यांचा हात थांबला.

लॉक झालेलं स्टिअरिंग कसं लागतं, हे त्यांच्या तळव्यांना पाठ होतं. ते लोखंडाला लोखंड अडतं तसं अडतं, टक्कन. हे तसं नव्हतं. हे अडत नव्हतं, धरलेलं होतं. पहिल्याच दिवशी समोरून ट्रक आला की शिकणारी बाई स्टिअरिंग कवटाळून बसते. कितीही ओरडा, सोडत नाही. डाव्या सीटवरून स्टिअरिंगला हात घातला की तिच्या बोटांची ती थरथर आपल्या बोटांत येते. तीस वर्षं ती थरथर त्यांच्या हातात येत होती. आत्ता अगदी तीच येत होती.

त्यांनी स्वतःला चांगलंच झापलं. ‘थरथर तुझ्या हाताची आहे. अडुसष्ट वर्षांची झालीस. साखरही तपासून घे एकदा.’

तेवढ्यात स्टिअरिंग डावीकडे ओढलं गेलं. अगदी हलकेच. एकदा, आणि पुन्हा एकदा.

ही खूण त्यांची स्वतःची होती. शिकणारा घाबरला की आरडाओरडा करून उपयोग नसतो, त्याच्या कानात काही शिरतच नाही. म्हणून त्या डाव्या सीटवरून स्टिअरिंगच्या खालच्या कडेला दोन बोटं लावत आणि हलकेच दोनदा ओढत. अर्थ एकच: सोड. माझ्याकडे दे. पहिल्या तासाला त्या प्रत्येकाकडून घोकून घेत, “दोनदा ओढलं की काय करायचं?” “सोडायचं, बाई.” “का?” “बाई म्हणतात म्हणून.”

बाई सोडत नव्हत्या. त्यांना ती सवयच नव्हती. उलट त्यांनी दात-ओठ खाऊन स्टिअरिंग उजवीकडे रेटलं, किल्लीला हिसडा दिला, आणि अकरा मिनिटांनी ती फिरली.

रस्त्याला लागल्यावर मागून धाकटी म्हणाली, “ताई, पुन्हा शिकवायला लागलीस का गं?”

“काय?”

“नाही, आरशात कोणीतरी दिसलं. त्या छोट्या आरशात. मला वाटलं, कोणा विद्यार्थिनीला घेतलंयस पुढे.”

धाकटीचे डोळे आजाराने अधू झाले होते. तिला खुंटीवरचा कोट माणूस वाटे आणि माणूस कोट.

“माझी पर्स आहे ती, छोटे,” बाई म्हणाल्या. पर्स त्यांच्या मांडीवर होती.

३

शुक्रवारी त्यांनी किल्लीवाल्याला बोलावलं. हा त्यांचा जुना विद्यार्थी, पन्नाशीचा, पोट सुटलेला, तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झालेला. हत्यारांची पेटी खाली ठेवून तो आधी हात जोडून उभा राहिला.

“बाई, आज माझा दिवस आहे. गाडी तुमची अडलीये आणि येतं मला.”

“तोंड कमी चालव. तेव्हाही तुझं तोंड चालायचं आणि गाडी बंद पडायची.”

किल्ली त्याने लावून बघितली. अर्थातच मखमलीसारखी फिरली. तो बाईंकडे बघून हसला.

“वार सांगू का?” बाई चिडून म्हणाल्या. “मंगळवारी आणि गुरुवारी फिरत नाही.”

“गाडीला वार कळत असते तर रविवारी तिने सुट्टी घेतली असती, बाई. झिजलंय हो आतून. किल्ली आणि कुलूप दोघं मिळून झिजतात, जुन्या जोडप्यासारखी. मग एक दिवस एकमेकांचं ऐकेनाशी होतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड घालून बघतो, नाहीतर अख्खं बदलतो.”

“बदल. पूड-बिड नको. धाकटीचा जीव या किल्लीवर आहे.”

त्याने स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, स्क्रू सोडवले आणि इग्निशनचं पितळी नळकांडं बाहेर ओढलं. अंगठ्याएवढी ती चीज. दारात उजेडाला धरून तो ती फिरवत राहिला. मग त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मग खिशातून भिंग काढलं.

“काय रे?”

“ही पुढची बाजू,” तो म्हणाला. “इथे किल्ली जाते. इथली झीज बरोबर आहे. तुमचा हात हलका, त्या मानाने फारच कमी आहे.” त्याने नळकांडं उलटं केलं. “ही मागची. ही बंद असते, बाई. नुसतं भरीव पितळ. ही बाजू डॅशबोर्डच्या पोटात असते. इथे ना हात जातो, ना काही.”

मागच्या बाजूला बरोबर मधोमध एक चीर होती. किल्लीच्या जाडीची. तिच्या कडा इतक्या गुळगुळीत झालेल्या, की पितळ सोन्यासारखं चमकत होतं.

“कोणीतरी कापली असेल,” बाई म्हणाल्या.

“कापली असती तर कड धारदार असती. ही घासून घासून झालीये. आतून किल्ली घालून फिरवत बसल्यासारखी. आणि ही झीज एका दिवसाची नाही. वर्षानुवर्षांची आहे. पुढची परवडली इतकी ही मागची झिजलीये.” तो हसायला गेला, पण ते हसू काही त्याच्या तोंडावर नीट बसेना. “उलट्या बाजूला, बघा. तुम्ही उजवीकडे फिरवता, ही डावीकडे खाल्लीये.”

“मागून फिरवलं तर उलटंच फिरणार,” बाई म्हणाल्या. आपण हे इतक्या सहज बोलून गेलो याचाच त्यांना जास्त धसका बसला.

नवं नळकांडं बसवलं, नव्या किल्ल्या दिल्या. जुनं नळकांडं त्याने जुन्या किल्लीसकट बाईंच्या समोर धरलं.

“तुझ्या भंगारात टाक.”

“नको बाई,” तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने बाईंना नाही म्हटलं. “तुमच्यापाशीच असू द्या.”

त्यांनी ते डाव्या सीटसमोरच्या कप्प्यात टाकलं आणि कप्पा धाडकन लावला.

४

शनिवारी नवी किल्ली लोण्यात सुरी जावी तशी फिरली. बाई वाटेत चक्क गुणगुणल्या.

“आज ती आली नाही वाटतं,” धाकटी म्हणाली.

“कोण?”

“तुझी विद्यार्थीण.”

बाई गुणगुणायच्या थांबल्या.

मंगळवारी चाकं डावीकडे वळलेली होती आणि नवी किल्ली नव्या कुलपात मुंगीएवढीही हलली नाही.

त्या दिवशी बाई भांडल्या. दुसरा शब्द नाही. कोपर टेकून, पाय रोवून, स्टिअरिंगशी कुस्ती खेळल्या. ज्या गोष्टीसाठी त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातांवर चापट्या मारल्या, ती सगळी स्वतः केली. किल्ली वाकायला आली. तळव्याचं कातडं सोललं. मध्येच त्यांनी हात सैल केला की तो ओढा लगेच यायचा, हलका, शांत, एकदा आणि पुन्हा एकदा, जसा काही समोरच्याकडे खूप वेळ आहे. त्यात राग नव्हता. त्यांना सर्वांत वाईट तेच वाटलं. त्या स्वतः ओढायच्या तेव्हा त्यांच्याही मनात राग नसे. नुसती खात्री असे, की हिच्याने आता होणार नाही.

पावणेआठला टॅक्सी मिळाली. तिथे पोचल्या तेव्हा खुर्चीत दुसरा माणूस होता आणि त्याच्या दंडाला नळ्या लागलेल्या होत्या. मशीनवरची सिस्टर कडक होती, पण वाईट नव्हती. धाकटीचे सुजलेले पाय बोटाने दाबून बघून तिने बाईंना बाजूला घेतलं.

“उद्या सकाळी सातला एक खुर्ची काढून देते. पण उद्या चुकवू नका हं मावशी. हिच्या छातीत पाणी चढायला लागलंय. उद्या म्हणजे उद्याच.”

“माझ्याकडून चूक होत नाही,” बाई म्हणाल्या.

रात्रीच त्यांनी उद्याच्या सहाची टॅक्सी सांगून ठेवली. गाडीला हातच लावायचा नाही. मग बघू कोण काय ओढतं ते.

५

बुधवारी पाचलाच धाकटीला आडवं होववेना. ती पलंगावर पाय सोडून, उशीला मिठी मारून बसली होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता.

सहाला टॅक्सीवाल्याचा फोन आला.

“मावशी, माफ करा. माझी किल्लीच फिरत नाहीये. स्टिअरिंग जाम झालंय. बारा वर्षांत असं झालं नाही हो.”

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाल्या, “चाकं कुठे वळलीयेत?”

“काय?”

“चाकं. डावीकडे का?”

तिकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “तुम्हाला कसं कळलं?”

अँब्युलन्सला फोन केला. बाहेर आहे, तासभर तरी लागेल, म्हणाले. वरच्या मजल्यावरची कुटुंबं अजून झोपेत. त्यांच्यातल्या एकाकडेही गाडी नव्हती. सव्वासहा वाजले. बाईंनी धाकटीच्या काखेत हात घातले आणि तिला जवळजवळ उचलूनच गॅरेजमध्ये आणलं. उशी. शाल. पुढे येऊन बसल्या. किल्ली लावली.

नाहीच.

“ताई,” धाकटी म्हणाली. श्वासाश्वासाला एकेक शब्द. “तू... चिडू... नको.”

“मी चिडले नाही गं, छोटे.”

“तिला... चालवू दे... ना.”

बाईंनी आरशात बघितलं नाही. हात स्टिअरिंगवर होते आणि ओढा आला. एकदा. पुन्हा एकदा. गॅरेजमध्ये दुसरा आवाज नव्हता, फक्त मागे धाकटीच्या छातीतलं ते पाणी.

आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी स्टिअरिंग सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले, पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना ठेवायला लावत तसे.

किल्ली फिरली. कोणी हात न लावता, एक टप्पा. डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागले. इंजिन मात्र सुरू झालं नाही. बाई वाट बघत राहिल्या. स्टिअरिंग पुन्हा हललं, दोनदा, हलकेच, त्यांचा हात त्यावर नसताना. आणि त्यांना कळलं. हात सोडून भागणार नव्हतं. शिकणाऱ्याच्याने अगदीच होईनासं झालं की त्या दुसरं काय करत? गाडी बाजूला घ्यायला लावत आणि म्हणत, “ऊठ. इकडे येऊन बस.”

मागे धाकटीचा एक श्वास आला आणि पुढचा यायला फार वेळ लागला.

बाई उतरल्या. गाडीच्या नाकावरून वळसा घालून डाव्या दाराशी गेल्या. तीस वर्षांची त्यांची जागा. बसल्या, पट्टा लावला, पाय सवयीने जादा पेडलांवर गेले.

इंजिन सुरू झालं.

६

शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. हा बाईंचा नियम होता. तोंडाकडे बघितलं की शिकणाराही तुमच्याकडे बघतो आणि मग रस्त्याकडे कोणीच बघत नाही. त्या नियमाला बाई त्या दिवशी दोन्ही हातांनी धरून बसल्या. त्यांनी नजर समोरच्या काचेवरून हलवली नाही.

गाडी फार छान चालत होती. गिअर बदलला जायचा तो बरोबर त्याच घटकेला, जिथे बाईंनी बदलला असता. खड्ड्याआधी वेग कमी व्हायचा तो धाकटीला हिसका बसू नये एवढाच. चौकात इंडिकेटरची टिकटिक वेळेवर लागायची. उजव्या बाजूने कसलाच आवाज नव्हता, ना श्वासाचा, ना कपड्यांचा. फक्त एक वास होता, गरम रेडिएटरच्या वाफेचा. गाडी मात्र तापलेली नव्हती.

‘बॅटरीतला दोष,’ बाईंनी स्वतःला सांगून बघितलं. ‘मला चक्कर आलीये. मीच चालवतेय आणि मला कळत नाहीये.’ त्यांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघितलं. हात मांडीवरच होते.

सात वाजायला दहा कमी असताना गाडी हॉस्पिटलच्या दाराशी व्हीलचेअरच्या उताराला बरोबर लावून उभी राहिली. व्हीलचेअरवाले मामा धावत आले. त्यांनी आणि सिस्टरने मिळून धाकटीला उतरवलं, खुर्चीत घातलं, तोंडाला ऑक्सिजन लावला.

“वेळेवर आणलंत, बाई,” मामा म्हणाले. ते उजव्या खिडकीशी वाकून बोलत होते. “आता काळजी नाही. चार तासांनी या.”

“मामा, मी इकडे आहे,” बाई म्हणाल्या.

मामांनी वर बघितलं नाही. धाकटीने मुखवटा जरा बाजूला केला. तिचेही डोळे उजव्या खिडकीकडे होते.

“ताई, न्यायला येशील ना गं?”

“छोटे! अगं, इकडे बघ!” बाई ओरडल्या. काचेच्या आत त्यांचा आवाज त्यांच्याच कानांत घुमला. त्यांनी दाराची मूठ ओढली. मूठ नुसती वर आली आणि खाली गेली.

आणि उजव्या सीटवरून, बाईंच्या स्वतःच्या आवाजात, किंचित दरडावून, उत्तर गेलं:

“येते की. माझ्याकडून चूक होत नाही.”

धाकटी हसली. ती वाचणार होती. एवढं बाईंना दिसलं, आणि त्या क्षणी त्यांना तेवढंच पुरलं. मग खुर्चीची चाकं फिरली, दाराच्या काचा सरकल्या आणि धाकटी आत गेली.

गाडी निघाली.

७

वाहनतळ मागे पडला. घराचं वळण मागे पडलं. बाईंनी जादा ब्रेक दाबला. तो खाली गेलाच नाही. त्याच्या खालून कोणीतरी पाय लावून तो अलगद वर धरून ठेवला होता.

तेव्हा त्यांनी नियम मोडला. पुरता नाही. तोंडापर्यंत नजर न्यायचं धाडस त्यांच्याच्याने झालं नाही. फक्त स्टिअरिंगपर्यंत. त्यावर दोन हात होते, सुरकुतलेले, नीट, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, त्या शिकवत तसे. उजव्या मनगटावर, आरशात दिसावा तसा, भाजल्याचा पांढरा पट्टा होता.

बाईंनी आपलं मनगट बघितलं. पट्टा डावीकडेच होता.

त्यांनी कप्पा उघडला. आत जुनं पितळी नळकांडं होतं आणि जुनी किल्ली. नळकांडं उलटं धरलं. मागची ती चीर बोटाला गुळगुळीत लागली, ओळखीची, आपल्याच दातांवरून जीभ फिरवावी तशी. त्यांनी किल्ली चिरेला लावली. ती आत गेली, अगदी शेवटपर्यंत.

फिरली मात्र नाही.

जोर करायचा नाही, हे बाईंना सांगावं लागत नव्हतं. त्यांना चार तासांच्या आत परत पोचायचं होतं, धाकटी वाट बघणार होती, पण घाई केली की कडी जास्तच अडकते. त्यांनी नळकांडं डाव्या हातात धरलं, किल्लीवर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि हलकेच ओढून बघितलं.

एकदा. आणि पुन्हा एकदा.

स्टिअरिंगवरचे ते दोन हात क्षणभर थांबले. मग त्यांनी पकड घट्ट केली.